अठराशे सत्तेचाळीस इशारे

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

निकितानं आज दोनशे पानी वही आणून दिली. रिसोडहून एसटीनं येताना स्टँडवर घेतली म्हणे. "दादा, तो चेकर जे जे सांगीन ते याच्यात उतरून ठेवा. कोन्ता इशारा खरा, कोन्ता खोटा, अन् काहून." मी गंभीरपणे मान डोलावली. पण वहीचा कागद इतका जाड आणि गुळगुळीत निघाला की चेकरवर उधळायला जीव होईना. हिच्यात मी माझंच लिहिणार. निकिताला दाखवायला एक पातळ वही वेगळी ठेवीन.

म्हातारपणी वाचताना घोटाळा नको म्हणून आधी ओळख. मी ऋषिकेश, वय चौतीस. मालेगावात वाशीम रोडवर, कृषी केंद्राच्या माडीवर माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक निकिता. आम्ही शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचा डबा बनवतो. पत्रा अकोल्याचा, चिप बाहेरदेशची, कोड माझा. मालेगाव-रिसोड पट्ट्यातल्या त्रेसष्ट विहिरींवर असे त्रेसष्ट डबे लागलेत. माझ्या डब्याची खासियत म्हणजे कुलूप. विहिरीत माणूस उतरणार असेल तर मोबाइलवरून कुलूप लावायचं. मग कोणी फोन करो, लाइन जावो, लाइन येवो, कुलूप काढेपर्यंत मोटर हलत नाही. हे बाजारात दुसऱ्या कोणाकडं नाही. मी हे प्रत्येक लग्नात सांगतो.

तर पुण्याच्या एका कंपनीला पाचशे डबे हवेत. अट एकच: माझा कोड 'स्टॅटिक ॲनालिसिस'मधून काढायचा आणि गंभीर इशारे शून्य असल्याचा अहवाल पाठवायचा. निकिता ज्याला चेकर म्हणते तो हाच प्रोग्राम, दुसऱ्याचा कोड न चालवता नुसता वाचून चुका काढणारा. मी पाच वर्षं चालवून चुका काढत आलो, हा न चालवता काढणार. काढू दे.

११ नोव्हेंबर

एक हजार आठशे सत्तेचाळीस.

माझा अख्खा कोड चार हजार ओळींचा आहे. म्हणजे दर सव्वादोन ओळींना मी एक पाप केलंय.

१३ नोव्हेंबर

पापांची वर्गवारी. तीनशे बारा ठिकाणी ओळ लांब आहे. दोनशे ठिकाणी मी आकडा नुसताच लिहिलाय, त्याला नाव दिलेलं नाही. एका ठिकाणी 'साठ'ला नाव द्या म्हणे. एका मिनिटात सेकंद साठ असतात, त्याचं बारसं करायचं राहून गेलं. चारशेच्या वर इशारे तर माझ्या कोडवर नाहीतच. चिप बनवणाऱ्या कंपनीनं जो कोड फुकट दिलाय त्याच्यावर आहेत. शेजाऱ्याची गाय दुसऱ्याच्या वावरात शिरली आणि नोटीस मला.

दिवसभर बसून अठ्ठावीस इशारे मिटवले. संध्याकाळी परत तपासणी लावली. लॅपटॉप चाळीस मिनिटं धापा टाकत होता. निकाल: एक हजार आठशे एकसष्ट.

आईनं विचारलं, "तुह्या मास्तरनं काय सांगतलं आज?" घरी त्याचं नाव मास्तर पडलंय. म्हटलं, अठ्ठावीस चुका दुरुस्त केल्या तर चौदा वाढल्या. आई म्हणाली, "लहानपणी बी असंच होतं तुह्यं." आईचं नाव सोजरबाई आणि ती खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

१७ नोव्हेंबर

जगदेवमामाचा फोन. मामाच्या विहिरीवर माझा चौथा डबा आहे. "भाच्या, परवाच्या दिवशी मोटरीले कुलूप लावलं होतं. लाइन गेली, मंग आली, अन् मोटर आपोआप चालू!"

मी शांतपणे विचारलं, "मामा, कुलपाचा मेसेज नक्की गेला होता का?"

"मंग! 'कुलूप लागले' असा वापस बी आला."

मामाचं वय एकाहत्तर. बोटं जाड, मोबाइलवरची बटणं बारीक. मी वीस मिनिटं समजावून सांगितलं की कुलूप काढायचं बटण कुलूप लावायच्या बटणाच्या अगदी शेजारी आहे. शेवटी मामा म्हणाला, "बरं बापा, माहीच चूक असन." माणसाला समजावणं ही एक कला आहे. ती मला जमते.

१९ नोव्हेंबर

आज निकिताशी वाजलं. तिनं गेल्या आठवड्यात म्हणे सगळेच्या सगळे इशारे वाचून काढले. एकूण एक. चोवीस वर्षांच्या मुलीला दुसरा उद्योग नसावा याचं वाईट वाटलं. तिनं एका कागदावर सात इशारे लिहून आणले होते. "दादा, बाकी कचरा हाय, मले मान्य. पन हे सात पाहा."

पहिलाच इशारा ओळ दोनशे बाराचा: 'कुलूप' या खान्याला किंमत मिळालेली नसताना तो वापरला जाण्याची शक्यता. मला हसू आलं. दोनच ओळी वर मी त्याला किंमत दिलीय! लाइन परत आली की डबा आपल्या मेमरीतून वाचतो, कुलूप होतं की नव्हतं, आणि तसं ठरवतो. आंधळ्यालाही दिसेल.

"मेमरी वाचता आली तं किंमत भेटते," निकिता म्हणाली. "नाई वाचता आली तं? मंग त्या खान्यात काय असते? जे पडलेलं असन ते."

"पाच वर्षांत कधी असं झालं का?"

"झालं असतं तं आपल्याले कसं कळलं असतं?"

आजकालच्या मुलांना उलट प्रश्न विचारायची फार सवय. मी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि 'पाहतो' म्हणालो.

२४ नोव्हेंबर

शनिवार-रविवार दोन्ही दिवस एका इशाऱ्यात गेले. 'शून्याने भागाकार होण्याची शक्यता.' चेकरनं एक भली मोठी कहाणी रचली होती: आधी हे झालं, मग ते झालं नाही, मग अमुक आकडा शून्य निघाला, की चिप बंद पडेल. सोळा पायऱ्यांची कहाणी. मी सोळाही पायऱ्या उतरलो. बाराव्या पायरीवर कळलं की त्यासाठी आठवड्यात आठ दिवस असावे लागतील.

दोन दिवस. पोळी-भाजी टेबलावर गार. चुलतभावाच्या साखरपुड्याला गेलो नाही.

मी काही आळशी माणूस नाही. खोट्या इशाऱ्यासाठी दोन दिवस जळले, म्हणजे खऱ्यासाठी किती जाळले असते याचा अंदाज यावा. पण तो खरा-खोटा एकाच आवाजात ओरडतो. माझं म्हणणं एवढंच आहे.

२७ नोव्हेंबर

युरेका म्हणत लोक नागडे धावत सुटतात ते खोटं नाही. चेकरमध्ये एक सोय आहे! इशारे निवडायचे आणि 'हा इशारा चुकीचा आहे' असा शिक्का मारायचा. आणि सगळ्यात वर एक चौकोन असतो, 'सर्व निवडा'.

मी सर्व निवडले.

कारण लिहायला एक ओळीची जागा होती. मी लिहिलं: 'तज्ज्ञाने तपासून खात्री केली आहे.' तज्ज्ञ म्हणजे मी. खात्री होतीच.

गंभीर इशारे: शून्य. अहवाल पुण्याला रवाना. खालच्या कृषी केंद्रापर्यंत पेढे वाटले. निकितानं पेढा घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. दुपारी त्याला मुंग्या लागल्या.

१ डिसेंबर, सोमवार

निकिता सुट्टीवर. गेल्या गुरुवारी अर्धा दिवस, आज पूर्ण. शनिवारी जाताना एक डबा पिशवीत घालून घेऊन गेली. "घरी थोडं काम करतो," म्हणाली. कारखान्यात काम करत नाही ती घरी करणार? पुण्याची दुसरी कंपनी गाठली असणार आणि डबा त्यांना दाखवणार. शिकवून तयार केलेली माणसं अशीच जातात. आईला सांगितलं तर म्हणाली, "तिले एकडाव विचारून तं पाय." मी काय विचारायचं? मला मान नाही का?

५ डिसेंबर

किन्हीराजाला जाऊन आलो. तिथल्या तांड्यावरच्या लालसिंगकाकांनी चणा टाकलाय. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांचा पोरगा अमरदीप ऊसतोडीला जायचा. यंदा गेला नाही. विहिरीला पाणी आहे, डबा आहे, आठवड्यातून तीन दिवस दिवसा लाइन आहे; म्हणाला, घरीच थांबतो. काकांनी मला बांधावरून सगळं वावर दाखवलं. "तुमच्या डब्याच्या भरोशावर पोरगा घरी राह्यला, भाऊ. पयले विहिरीत उतराचं म्हनलं की फ्यूज काढून खिशात टाकत होतो. आता मोबाइल दाबला की झालं." त्यांच्या बायकोनं, रुपाबाईंनी, चहा दिला, वर शेंगा दिल्या.

येताना जीपमध्ये छाती जरा पुढंच होती. चेकरनं एकदा किन्हीराजाला येऊन पाहावं.

८ डिसेंबर, सोमवार



सकाळी अकराला पुण्याच्या लोकांशी व्हिडिओ कॉल होता. मी त्यांना कुलपाबद्दलच सांगत होतो. मोबाइल उलटा ठेवलेला. एकदा उलटून पाहिला तर निकिताचे तीन मिस्ड कॉल. आता राजीनामा देणार, म्हटलं, नंतर पाहू. चौथा फोन लालसिंगकाकांचा. तो मात्र व्हिडिओ कॉल संपल्यावरच दिसला.

अमरदीप विहिरीतल्या ओट्यावर उतरून मोटरीचा नट आवळत होता. पाणी गळत होतं म्हणून. कुलूप लावलेलं होतं. लाइन गेली, पाच मिनिटांनी आली आणि मोटर फिरली. गळ्यातला दुपट्टा ओढला गेला. त्यानं डाव्या हातानं तो सोडवला म्हणून मान वाचली. हात नाही वाचला.

वाशीमच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याला ऑपरेशनला आत घेतलं होतं. दोन बोटांची हाडं मोडलीत. करंगळीचं टोक गेलं. ऊस तोडताना डाव्या हातानं धरतात.

रुपाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. लालसिंगकाका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पोट्ट्यानंच चुकीचं बटन दाबलं असन, भाऊ. नशीब, दुसरं काय."

मी म्हणालो, "हो."

बाहेर येऊन निकिताला फोन लावला. ती रिसोडला मोटर भरायच्या, म्हणजे वाइंडिंगच्या, दुकानात होती. तिथं व्होल्टेज कमी-जास्त करता येतं. ती आठवडाभर आपला डबा तिथं लावून लाइन घालवत होती आणि आणत होती, घालवत होती आणि आणत होती. "दादा, लाइन कमी दाबानं आली की मेमरी वाचता येत नाई. दर चाळीस-पन्नास डावात एकडाव. मंग कुलूप निघते. दोनशे बारा. मी तुमाले कवापासून फोन करून राह्यली!"

मी अमरदीपचं सांगितलं. ती म्हणाली, "आज सकाळी साडेदहाले सापडलं मले."

९ डिसेंबर

झोप नाही. ड्रॉवरमधून निकिताचा कागद काढला. सात इशारे, स्वच्छ अक्षर, प्रत्येकासमोर 'काहून' हे लिहिलेलं. पहिल्यासमोर: 'मानूस विहिरीत असू शकते.'

हे मी वाचलंच नव्हतं. घडी करताना एवढी ओळ डोळ्यांखालून गेली नसेल का? गेली नसावी. असं मी स्वतःला दुपारपर्यंत समजावलं. ती कला मला जमते.

जगदेवमामाला फोन करून सांगितलं की तुमची चूक नव्हती. मामा म्हणाला, "मले मालूम होतं रे. तू एवढ्या जोरात सांगून राह्यला होता, म्हनून म्हटलं जाऊ द्या."

मग दवाखान्यात गेलो. काकांना बाहेर पायरीवर बसवलं आणि सांगितलं. बटण बरोबर दाबलं होतं. चूक माझ्या कोडात आहे. ती तीन आठवड्यांपूर्वी मला लिहून दिली होती आणि मी ती पाहिली नाही. चेकर, मेमरी, व्होल्टेज यांतलं काही सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर मध्येच कुठंतरी मी सुटलो असतो.

काका म्हणाले, "मंग काल 'हो' काहून म्हटलं?"

मी म्हणालो, "भेलो होतो."

"बाकीच्यायले सांगतलं?"

"पयले तुमच्याकडं आलो."

"मले सांगून आता काय होते? माहा पोरगा तं खाटेवर हाय. ज्याचा पोरगा आज विहिरीत उतरून राह्यला त्याले सांग." ते ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "ऊठ. अठी बसू नको."

मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून फोन लावायला लागलो. निकितानं अर्धी यादी घेतली. एकतीस तिनं, एकतीस मी. 'कुलपावर विसंबू नका, उतरायच्या आधी फ्यूज काढा.' सगळ्यांना फोन लावून होईपर्यंत पाच वाजले. तिघांचे लागलेच नाहीत, त्यांच्या गावी जीप करून गेलो.

११ डिसेंबर

पुण्याला खरं लिहून पाठवलं. शिक्का मीच मारला होता, सर्व निवडून, हेसुद्धा. अर्ध्या तासात उत्तर आलं. सभ्य भाषेत 'तूर्तास थांबू या' असं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर असभ्य भाषेत लिहिलं असतं.

संध्याकाळी निकितानं चेकर परत उघडला. मला वाटलं आता व्याख्यान. तिनं लांब ओळीचा नियम बंद केला. नावं न दिलेल्या आकड्यांचा बंद केला. चिपवाल्यांचा कोड बाजूला काढला. दोन तास ती एकेक नियम वाचत होती आणि विचारत होती, "यानं कोनाले लागन का?" ज्यानं कोणाला लागणार नाही तो बंद. शेवटी उरले एकोणीस इशारे. "दादा, हे आपन दोघंही वाचू. एवढे वाचता येते मानसाले."

मी विचारलं, "तू राजीनामा देनार होती ना?"

ती म्हणाली, "कोन म्हटलं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

१८ डिसेंबर

एकोणिसांतले अकरा खोटे. आठ खरे. दोनशे बारा सोडला तर बाकी सातांतल्या एकानंही कोणाला लागलं नसतं, पण एकानं कोणाची तरी मोटर जाळली असती. आता मेमरी वाचता आली नाही तर डबा कुलूप लागलंय असंच धरून चालतो. दुरुस्ती किती ओळींची? एका ओळीची. रिसोडच्या दुकानात तीनशे वेळा लाइन घालवून पाहिली. तीनशे वेळा मोटर जागची हलली नाही.

२३ डिसेंबर

रोज सहा-सात विहिरी. मी डबा खोलतो, नवा कोड टाकतो, मालकाला समोर उभं करून स्वतः लाइन पाडून दाखवतो आणि चूक काय होती ते सांगतो. लोक तऱ्हेतऱ्हेचे. एकानं दार लावून घेतलं. एकानं जेवू घातलं, ते जास्त जड गेलं. एक जण म्हणाला, "लपवता आलं असतं तुमाले." मी म्हणालो, दोन आठवडे तेच करत होतो.

आज किन्हीराजा. अमरदीप ओसरीवर बसलेला, हात गळ्यात बांधलेला. "बसा," म्हणाला. उजव्या हातानं शेंगा फोडून खात होता, एका हातानं फोडायची युक्ती त्यानं शोधलीय. काका वावरात होते.

मी पिशवीतून लॅपटॉप काढायला लागलो. रुपाबाई आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तारा कापून काढलेला, ओल्या फडक्यानं पुसलेला.

"काकू, यात आता नवीन..."

"असन," त्या म्हणाल्या. "चांगला असन. तुमी झूट सांगत नाई, ह्यायनं मले सांगतलं. पन मले हा वावरात नको, भाऊ. तो तिकडं हाय असं मालूम असलं का मले भाकर थापता येत नाई."

मी डबा घेतला. चहा झाला नाही, आणि तसं व्हायलाच हवं होतं. निघताना अमरदीप म्हणाला, "मालेगावले आलो का येतो दुकानावर." येईल की नाही माहीत नाही. यायला पाहिजे असं मी म्हणू शकत नाही.

जीपमध्ये डबा मांडीवर होता. शेजारच्या माणसानं विचारलं, "टिफिन काय?"

४ जानेवारी २०२६, रविवार

बासष्ट डबे चालू आहेत.

आज कारखान्यात एकटाच होतो. कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. पाच वर्षांत मी तो लिहिला, जोडला, फाडला, लोकांना ऐकवला. पण पहिल्या ओळीपासून कधी वाचला नव्हता. स्वतःचं लिहिलेलं वाचणं म्हणजे आपलाच आवाज रेकॉर्डवर ऐकण्यासारखं आहे, दर दुसऱ्या वाक्याला लाज वाटते. तीनशे चाळीसाव्या ओळीपर्यंत पोचायला दुपार गेली.

दोन चुका सापडल्या. खऱ्या. चेकरनं दोन्ही पाहिल्या नव्हत्या; अठराशे सत्तेचाळिसांतही नव्हत्या आणि एकोणिसांतही नव्हत्या. महिन्यापूर्वी मी खालच्या कृषी केंद्रापर्यंत परत पेढे वाटले असते. मास्तरची जिरवली म्हणून लग्नालग्नांत सांगितलं असतं.

मी निकिताला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. म्हटलं, मला दोन चुका सापडल्यात, माझ्याच.

ती म्हणाली, "कोन्त्या ओळीवर?"